लाल रेघेचा अर्थ : संगणकातील एका जोडणीचा अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

यंदाच्या वार्षिक अंकासाठी आलेले हस्तलिखित लेख संगणकावर उतरविण्याचे काम आम्हा चौघा विद्यार्थ्यांकडे आले. त्यांत माझा स्वतःचाही एक लेख होता. ‘ऊसतोडीच्या बिऱ्हाडातले शब्द’ हे त्याचे नाव. माझे आईवडील कोरडवाहू शेतकरी. शेवगाव तालुक्यातील इतर अनेक कुटुंबांप्रमाणे तेही काही वर्षे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन कारखान्यावर जात असत. तिकडच्या बोलण्यातले शब्द मी आईला विचारून वहीत उतरवून घेतले होते. पहिले पान टंकून झाले आणि पाहते तो काय, जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ!

ज्यांच्या घरातून आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्यांना लाल रेघेचा धाक अंमळ जास्तच असतो. शाळेपासून लाल शाई म्हणजे चूक, हे मनात पक्के बसलेले. मला वाटले, माझे मराठीच इतके अशुद्ध. पण एका शब्दापाशी मी थबकले. ‘पाणी’ या शब्दाखालीही रेघ होती, आणि त्यावर उजवी कळ दाबताच संगणकाने सुचविले : ‘पानी’. आमच्या घरी सगळे ‘पानी’च म्हणतात. पाचवीत मी वर्गात तसे म्हटले तेव्हा सारा वर्ग हसला होता. आता हे यंत्र मला पुन्हा ‘पानी’कडे नेऊ पाहत होते! येथेच मला पहिली शंका आली की चूक कदाचित माझी नसावी, कोठेतरी जोडणीत असावी.

त्या शंकेचा पाठपुरावा करताना मला जे शिकायला मिळाले, ते वर्गमित्रांच्या व गुरुजनांच्या पुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी नाही. मराठी हा माझा विषय. पण या प्रकरणात व्याकरणाचाच जास्त उपयोग झाला.

प्लगइन म्हणजे काय?

संगणकावर काम करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला बाहेरून जोडता येणाऱ्या लहान भागाला प्लगइन म्हणतात. काही ठिकाणी त्यालाच एक्स्टेन्शन किंवा अ‍ॅड-ऑन असे म्हणतात. प्लगइन एकटे चालत नाही. मूळ सॉफ्टवेअर मात्र त्याच्याशिवाय चालू शकते.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण मराठीत शब्दाला प्रत्यय लागतो तो असाच. ‘ला’ हा प्रत्यय एकटा निरर्थक आहे. पण तो शब्दाला लागतानाही कसाही लागत नाही. ‘घोडा’ला ‘ला’ जोडून ‘घोडाला’ होत नाही, ‘घोड्याला’ होते. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्द आपले रूप बदलून त्याला जागा करून देतो. यालाच आपण सामान्यरूप म्हणतो. सॉफ्टवेअर बनविणारेही प्लगइनसाठी अशा जागा आधीच राखून ठेवतात. जागा आणि जोड यांचे माप जुळले तर काम होते, नाहीतर अडते.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींची साधने तर बहुतांशी याच तत्त्वावर उभी आहेत. आयबीएम कंपनीने २००१ साली खुले केलेले इक्लिप्स हे साधन जवळजवळ सगळेच प्लगइनांचे बनलेले आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आणलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्येही निरनिराळ्या प्रोग्रॅमिंग भाषांची सोय मुख्यतः एक्स्टेन्शन जोडून होते. आपण कला शाखेचे विद्यार्थी प्रोग्रॅम लिहीत नाही. आपण लेख लिहितो. पण लेख लिहिण्याच्या सॉफ्टवेअरलाही जोडणीचे हेच नियम लागू पडतात.

आम्ही वापरतो ते लिब्रेऑफिस रायटर. ते विनामूल्य आहे. २०१० साली ओपनऑफिस डॉट ऑर्गपासून वेगळे होऊन ते द डॉक्युमेंट फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली आले. आमच्या संगणकावरील जुन्या आवृत्तीत मराठी शब्द तपासण्याची सोय नव्हती. ती एक्स्टेन्शन म्हणून जोडायची होती.

पुडक्याच्या आत

हे एक्स्टेन्शन एका फाईलच्या रूपात मिळते. तिच्या नावाच्या शेवटी ‘ओएक्सटी’ अशी अक्षरे असतात. खरे तर ते एक बांधलेले पुडके आहे. शेवटची अक्षरे बदलून ‘झिप’ केली की ते उघडून पाहता येते. मी ते उघडले. आत एका फाईलमध्ये पुडक्याची ओळख, दुसरीत सामानाची यादी, आणि मुख्य अशा दोन फाईली होत्या. एक शब्दांची, दुसरी नियमांची.

शब्दांच्या फाईलमध्ये ओळीने शब्द असतात आणि शब्दापुढे खूण करून त्याला कोणता नियम लावायचा ते सांगता येते. नियमांच्या फाईलमध्ये, शब्दाच्या शेवटचे काय काढायचे आणि त्या जागी काय लावायचे, हे लिहितात. उदाहरणार्थ, ‘घोडा’साठी नियम असा : शेवटचा काना काढा, ‘्या’ लावा, मग ला, ने, त, चा, ची, चे, च्या, हून यांपैकी काहीही लावा. पण हाच नियम ‘ससा’ला लावला तर ‘सस्याला’ होईल. तेथे ‘सा’चा ‘शा’ करणारा वेगळा नियम हवा. मग ‘सशाला’, ‘घशाला’, ‘पैशाला’ नीट होतात. ‘काका’ आणि ‘मामा’ तर बदलतच नाहीत. ‘विहीर’चे ‘विहिरीत’ होताना मधली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व होते.

हे सारे आपण शाळेत शिकलो, परीक्षेत लिहिले आणि विसरलो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली आणि मोरो केशव दामले यांनी १९११ साली आपापल्या व्याकरणांत जे माणसांसाठी समजावून सांगितले, तेच आता यंत्राला सांगावे लागते. एका ‘घोडा’ शब्दाची एकवचनी व अनेकवचनी मिळून सोळा-वीस रूपे सहज होतात. शिवाय वर, खाली, साठी, पर्यंत ही शब्दयोगी अव्यये मराठीत शब्दाला चिकटून येतात. प्रत्येक रूप यादीत लिहायचे म्हटले तर यादी कधी संपायची नाही. म्हणून नियमांची फाईल.

या दोन्ही फाईली वाचून तपासणी करणाऱ्या यंत्रणेचे नाव हंस्पेल. लास्लो नेमेथ या हंगेरियन गृहस्थांनी ती मुळात आपल्या भाषेसाठी तयार केली. हंगेरियन भाषेतही एकेका शब्दाला पुष्कळ प्रत्यय लागतात. म्हणून त्यांची युक्ती आपल्याही कामी येते. फायरफॉक्स आणि क्रोम या ब्राउझरांतही हीच यंत्रणा वापरली आहे.

जोडणी आणि पाच अडचणी

जोडणीची कृती सोपी आहे. रायटरमध्ये ‘टूल्स’ या यादीतून ‘एक्स्टेन्शन्स’ उघडावे, ‘अ‍ॅड’ म्हणावे, फाईल दाखवावी आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू करावे. मात्र आधी दोन पथ्ये पाळावीत. एक, फाईल त्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी, कारण जोडलेल्या भागाला आपल्या संगणकात बरेच काही करण्याची मुभा मिळते. दुसरे, संगणक सार्वजनिक असेल तर संबंधितांची परवानगी घ्यावी. ती मी घेतली होती.

कृती सोपी असली तरी माझे काम पाच ठिकाणी अडले. त्या अडचणी क्रमाने सांगते.

पहिली अडचण फाईलचीच होती. मी ती मोबाईलवर उतरवून पेनड्राइव्हने आणली होती. जोडताना संगणकाने ती नाकारली. फाईलचा आकार पाहिला तेव्हा कळले, मी पुडके न उतरविता ते ज्या पानावर ठेवले होते ते पानच जतन केले होते. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून मी फाईलचा आकार व नावाची शेवटची अक्षरे आधी पाहते.

दुसरी अडचण : जोडले, यादीत नाव दिसले, पण काहीच फरक पडला नाही. मी रायटरची एकच खिडकी बंद केली होती. दुसरी मागे उघडीच होती. सगळ्या खिडक्या बंद केल्यावरच नवीन जोड लागू झाली.

तिसरी अडचण मोठी आणि तीच मुळातली. एवढे करूनही ‘पाणी’खालची रेघ गेली नाही. एक्स्टेन्शन नीट होते, सॉफ्टवेअरही नीट होते. पण आपण कोणत्या भाषेत लिहीत आहोत हे रायटरला ठाऊक नव्हते. देवनागरी अक्षरे पाहून भाषा ओळखता येत नाही. हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत या सर्वांची लिपी तीच. आमच्या संगणकावर देवनागरी मजकुराची भाषा हिंदी अशी ठरविलेली होती. म्हणून हिंदीची यादी ‘पानी’ सुचवीत होती! ‘ऑप्शन्स’मध्ये भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ असा एक रकाना आहे. त्यात मराठी निवडले. आधीच टंकलेला मजकूरही सगळा निवडून त्याची भाषा मराठी केली. क्षणात पान स्वच्छ झाले. चार दिवस ज्या रेघा मी माझ्या चुका समजत होते, त्यांतील नव्वदीच्या वर रेघा एका रकान्यातील चुकीच्या नावामुळे आल्या होत्या.

चौथी अडचण गमतीची आहे. एका मित्राने मोबाईलवर लिहून पाठविलेल्या लेखात ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाखाली रेघ येई. माझ्या लेखातील त्याच शब्दाखाली येत नसे. दोन्ही शब्द डोळ्यांना अगदी सारखे. मग समजले की यंत्र चित्र पाहत नाही, आकडे पाहते. १९९१ साली युनिकोड ही जगभरच्या लिप्यांची संकेतपद्धती प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे. ‘ऱ्या’ हे आपले खास मराठी जोडाक्षर दोन रीतींनी लिहिता येते. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेतात. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह घेतात. कागदावर फरक शून्य, यंत्राच्या लेखी शब्द दोन. अक्षरानंतर ‘आल्ट’ व ‘एक्स’ या कळा दाबल्या की रायटर त्याचा क्रमांक दाखवितो. त्यावरून ही गोष्ट पकडता येते. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ला स्वतःची जागा आहे, ‘र’च्याच कळेवर शिफ्ट दाबून तो उमटतो. सर्वांनी एकच रीत पाळावी, आणि जुना मजकूर शोधून एकदम बदलून घ्यावा, हा उपाय.

पाचवी अडचण आम्हाला सोडविता आली नाही, टाळता आली. एक लेख बाहेरून टंकून आला होता, तोही जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये. अशा फाँटात आत अक्षरे इंग्रजी असतात, वर पोशाख तेवढा देवनागरीचा. फाँट बदलला की पोशाख उतरतो आणि अर्थहीन रोमन अक्षरे उरतात. त्यावर कोणतेही मराठी एक्स्टेन्शन चालणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने तेथे मराठी नाहीच. तो लेख पुन्हा युनिकोडमध्ये टंकला.

दोष शोधण्याची रीत

या खटाटोपातून दोष शोधण्याची एक रीत माझ्या हाती लागली. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले, काय झाले, ते वहीत लिहावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या उपायाने गुण आला हे कळत नाही. लिब्रेऑफिसमध्ये ‘सेफ मोड’ नावाची सोय आहे. तिने सर्व बाहेरचे जोड तात्पुरते बाजूला ठेवून मूळ सॉफ्टवेअर चालविता येते. तरीही दोष राहिला तर तो जोडांत नाही, हे निश्चित.

जोड पुष्कळ असतील तर निम्मे बंद करून पाहावेत. दोष गेला तर तो बंद केलेल्यांत, राहिला तर चालू असलेल्यांत. मग त्या निम्म्यांचे पुन्हा निम्मे. बत्तीस जोडांतील दोषी एक असा पाच फेऱ्यांत सापडतो. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये तर हे काम करणारी आज्ञाच दिलेली आहे.

आणि कधी दोष जोडातही नसतो, आपल्यातही नसतो. ४ मे २०१९ या दिवशी जगभरच्या फायरफॉक्स वापरणाऱ्यांचे बहुतेक सर्व अ‍ॅड-ऑन एकाएकी बंद पडले. अ‍ॅड-ऑन खरे आहेत असे सांगणाऱ्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती, एवढेच कारण. ज्यांनी घाईने आपले अ‍ॅड-ऑन काढून टाकले, त्यांच्या त्यातील नोंदीही गेल्या असतील. म्हणून काढून टाकणे हा पहिला उपाय कधीच नसावा.

उरलेल्या रेघा

पाचही अडचणी संपल्या. तरी माझ्या लेखात काही रेघा उरल्याच. ‘कोपी’खाली रेघ होती, ‘वाढे’खाली होती. आता तर जोडणी बिनचूक होती, भाषा मराठी होती. तेव्हा या वेळी यंत्राचेच खरे, असे मी मानले. ‘कोपी’ खोडून ‘झोपडी’ लिहिले. ‘वाढे’ काढून ‘उसाचे हिरवे शेंडे’ लिहिले. पान एकदम स्वच्छ दिसू लागले. मला समाधानही वाटले.

त्या रात्री घरी आईला लेख वाचून दाखविला. तिला लिहितावाचता येत नाही. ती भाकरी थापता थापता ऐकत होती. मध्येच म्हणाली, “झोपडीत कोण ऱ्हायलं व्हतं गं?”

“आपणच की. कारखान्यावर.”

“आपुन कोपीत व्हतो. झोपडी घरावानी कायमची आसती. कोपी हंगाम सरला की मोडायची.”

मी गप्प झाले. एका शब्दात जो फरक होता, तो मी रेघ घालविण्यासाठी पुसून टाकला होता. पाचट आणि बांबूची ती कोपी, बैलांपुढे टाकायचे ते वाढे, हे शब्द गाळले तर माझ्या लेखात उरतच काय होते?

दुसऱ्या दिवशी मी शब्दांची ती फाईल पुन्हा उघडून शोधले. ‘कोपी’ तीत नव्हता. तेव्हा कुठे मला त्या रेघेचा खरा अर्थ कळला. रेघ ‘हे चूक आहे’ असे म्हणत नाही. ‘हे माझ्या यादीत नाही’ एवढेच म्हणते. यादी कोणीतरी बसून केलेली असते. मोल्सवर्थच्या १८३१ सालच्या शब्दकोशापासून प्रत्येक कोश असाच कोणी ना कोणी गोळा केलेला आहे. ज्यांनी ऊस तोडला त्यांना यादी करायला कोणी बोलाविले नसेल, तर त्यांचे शब्द तीत यावेत कसे? याचा अर्थ शुद्धलेखनाचे नियम मोडावेत असा मुळीच नाही. शासनाने १९६२ साली चौदा व १९७२ साली आणखी चार नियम मान्य केले. ते शब्द कसा लिहावा हे सांगतात. कोणता शब्द वापरू नये हे ते सांगत नाहीत.

उपायही सॉफ्टवेअरमध्येच होता. उजवी कळ दाबून शब्द आपल्या कोशात घालता येतो. पण असा घातलेला शब्द एकटाच राहतो : ‘कोपी’ची रेघ जाते, ‘कोपीत’ची राहते. २०१८ साली आलेल्या लिब्रेऑफिसच्या सहाव्या आवृत्तीपासून यावर सोय झाली आहे. आपल्या कोशाला मराठी ही भाषा नेमून द्यायची, आणि नवीन शब्द घालताना शेजारच्या रकान्यात नमुन्यादाखल असा शब्द द्यायचा की ज्याच्यासारखी याची रूपे होतात. मूळ यादीत त्या नमुन्याला नियम जोडलेला असेल तर तो नव्या शब्दालाही लागू होतो. मी ‘कोपी’पुढे ‘टोपी’ लिहिले. ‘कोपीत’, ‘कोपीला’ यांच्या रेघा गेल्या. ‘कोप्या’ मात्र हाताने घालावा लागला. मी लेखातील ‘झोपडी’ खोडली आणि ‘कोपी’ पुन्हा लिहिली.

समारोप

जोडलेले प्लगइन चालेनासे झाले तर फाईल, पुन्हा सुरू करणे, भाषा, अक्षरांचे संकेत आणि फाँट, या क्रमाने पाहावे; बहुतेक दोष येथेच सापडतात. त्यानंतरही लाल रेघ उरली, तर ती घालविण्यापूर्वी तो शब्द ज्यांचा आहे त्यांना विचारावे.

आमच्या कोशाची फाईल आता वार्षिक अंकाच्या संगणकावर ठेवली आहे. आज तीत एकसष्ट शब्द आहेत. बहुतेक माझ्या आईचे, काही वर्गमैत्रिणींच्या घरचे. ही फाईल दुसऱ्या संगणकावरही नेता येते. तालुक्याच्या वेगवेगळ्या गावांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरचे शेतीचे, स्वयंपाकाचे, गुराढोरांचे शब्द अर्थासह आणून द्यावेत, आणि ज्यांना नियमांच्या फाईलची गोडी लागेल त्यांनी पुढे यावे, अशी विनंती करते. गुरुजनांनी माझ्या व्याकरणाच्या चुका दाखवाव्यात. त्या चुकांखालची लाल रेघ मी आनंदाने स्वीकारीन.